गाण्याखाली काय लिहायचं?

इंटरनेटवर आपलं गाणं टाकताना त्याखाली वर्णन म्हणून काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक रात्री उशिरा येतो, सकाळी गाणं टाकायचं असतं तेव्हा. "ताई, मिक्सिंगसुद्धा झालं. खरं खाली काय लिहायचं तेच सुचेना झालंय." बेळगाव आणि आसपासची गाणारी-वाजवणारी मंडळी मला हे विचारतात, कारण मी कार्यक्रमांचं निवेदन करते. तबलजी हातोडीनं तबला लावत असतो, गायिका पाण्याचा घोट घेत असते, तेवढ्या वेळात पुढच्या गाण्याबद्दल चार वाक्यं बोलायची, हे माझं काम. त्यामुळे माझ्याकडे अशा वाक्यांचा साठा असणार, असा समज आहे. साठा आहे. सुमधुर, भावस्पर्शी, अवीट गोडीचं, काळजाला हात घालणारं. पण तो तुमच्या कामाचा नाही. व्यासपीठावर हे शब्द खपून जातात, कारण पाठोपाठ गाणं येतंच. श्रोता उठून जाणार नसतो. मोबाइलवर तसं होत नाही. तिथं गाणं ऐकायचं की अंगठ्यानं वर ढकलायचं, हे त्या ओळीवरनंच ठरतं.

म्हणून मी एकच चाचणी सांगते. तुम्ही लिहिलेली ओळ उचलून दुसऱ्या कुणाच्याही गाण्याखाली चिकटवता येते का बघा. येत असेल तर ती खोडा. गाणं गोड आहे की नाही, हे ऐकणारा ठरवेल. कोण गातंय, काय वाजतंय, शब्द कुणाचे आणि कशाबद्दलचे, हे मात्र तुमच्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही.

खानापूरकडच्या एका मुलानं पाठवलेला मजकूर होता, 'पारंपरिक लोकसंगीत आणि आधुनिक संगीताचा अनोखा संगम'. मी त्याला फोन केला आणि गाणं सुरू झाल्यावर पहिल्यांदा काय ऐकू येतं ते विचारलं. म्हणाला, चौंडकं. कोण वाजवतंय? आमच्या वाड्यातल्या मावशी, सौंदत्तीच्या जत्रेला जातात, यल्लम्माची गाणी म्हणतात. आणि तू काय केलंस? गिटार माझी, शब्द माझे. शब्द कशाबद्दल? जरा थांबून म्हणाला, "आमच्याकडं जांबोटीची शेवटची बस चुकली की रात्रीचं चालत यावं लागतंय. त्याच्यावर आहे." एवढं सगळं हातात असून हा मुलगा 'अनोखा संगम' लिहीत बसला होता! शेवटी आम्ही लिहिलं ते असं : 'चौंडकं, गिटार आणि दोन आवाज. जांबोटीची शेवटची बस चुकलेला माणूस रात्री चालत घरी निघतो, त्याचं गाणं.' खाली आणखी एक ओळ, चौंडकं म्हणजे काय ते सांगणारी : चामडं ताणलेलं लाकडी पिंप आणि त्यातनं निघालेली एक तार, ती छेडली की ताल आणि सूर दोन्ही निघतात. आपल्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही, पण गाणं ठाण्यात बसून ऐकणाऱ्याला लागतं.

त्याच्या एका मित्राचं म्हणणं होतं, 'जोगतिणींचं गूढ संगीत' असं लिहू, लोक पटकन बघतील. बघतीलही. पण या वाद्याच्या मागं यल्लम्माला सोडलेल्या ज्या बायका आहेत, त्यांच्या वाट्याला काय आलं हे या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. मुली देवाला सोडण्याविरुद्ध कर्नाटकानं १९८२ साली कायदा केला तो उगाच नाही. त्यांच्या दुःखाला गूढ म्हणून विकू नये, असं मला वाटतं आणि याबाबतीत मी अडून बसते. मावशींना आपली ओळख कशी द्यायची आहे ते त्यांनाच विचार म्हटलं. त्या म्हणाल्या, नाव घाल आणि चौंडकं वाजवतात म्हण, बास. तसंच घातलं.

आपलं गाणं कुठल्या प्रकारात मोडतं ते सांगणं म्हणजे बाजारूपणा, असं काही गुणी लोकांना वाटतं. त्यांना मी नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांची आठवण करून देते. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे ते, जन्म १८४३ चा. त्यांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं ते 'संगीत शाकुंतल' म्हणून, आणि मागोमाग 'संगीत सौभद्र'. पुढं कितीतरी नाटकांच्या नावाआधी 'संगीत' लागत राहिलं. जाहिरातीतलं नुसतं नाव वाचून माणसाला कळत होतं की आज गाणी ऐकायला मिळणार. आपण काय देणार आहोत ते नावातच सांगायला किर्लोस्करांना कमीपणा वाटला नाही, तर तुम्हा-आम्हाला वाटायचं काय कारण?

मग येतो कलाकाराचा परिचय. याचा साचा माझ्या इतका पाठ झालाय की झोपेत म्हणून दाखवीन : 'वयाच्या पाचव्या वर्षापासून संगीताची आवड, घरातूनच संगीताचा वारसा, अनेक मान्यवरांसमोर गायनाची संधी, विविध पुरस्कारांनी सन्मानित.' पाचव्या वर्षाबद्दल तर या जिल्ह्यात जरा जपूनच बोलावं. इथनं हाकेच्या अंतरावर सुळेभावी आहे. तिथं १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी नावाचा मुलगा शाळकरी वयातच मोठमोठ्या जाणकारांना चकित करत होता आणि 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला लहानपणीच मिळाली होती. आपली पाचव्या वर्षाची आवड त्याच्यापुढं कुठं ठेवायची? त्यापेक्षा आज काय करता ते लिहा. कुणाकडं शिकलात ते जरूर लिहा, गुरूंचं नाव हा आपल्याकडं ऐकणाऱ्याला मिळणारा सगळ्यात खात्रीचा पत्ता असतो. 'बेळगावची अमुक' किंवा 'सीमाभागाचा तमुक' असं कुण्या थोर गायकाचं नाव स्वतःला लावून मात्र घेऊ नका. त्यानं ऐकणारा तुलना करायलाच बसतो आणि त्या तुलनेत कुणीच टिकत नाही. 'मी ज्यांना ऐकत वाढलो' म्हणून तीच नावं घेतली तर चालतं. ज्याला ती आवडतात तो तुमच्याकडंही वळून बघतो.

आता आपल्या भागाचा खास प्रश्न : मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये? हा विचारताना लोक आवाज खाली आणतात. मी म्हणते, गाणं मराठी असेल तर मराठीत लिहा, नीट, शुद्ध लिहा, आणि त्याखाली दोन ओळी कन्नडमध्ये टाका. इथल्या भाषेच्या वादाबद्दल माझी मतं आहेत आणि ती लपलेलीही नाहीत, पण गाण्याखालची जागा त्यासाठी नाही. चिकोडी, अथणीकडं भजनाला बसणाऱ्या माणसाला दोन्ही कळतं. बेळगावातल्या शहापूरच्या एक गायिका एकाच बैठकीत तुकोबांचा अभंग आणि कन्नड संतकवी पुरंदरदासांचं पद म्हणतात. त्यांच्या परिचयात हे कुठंच नव्हतं! 'भक्तिसंगीताचा कार्यक्रम' एवढंच. मी ते वाक्य काढून 'तुकोबा आणि पुरंदरदास, एका बैठकीत' असं लिहायला सांगितलं. असा कार्यक्रम पुण्यात सहजासहजी उभा राहणार नाही, धारवाडातही नाही. इथं मात्र तो इतका नेहमीचा की आपल्याला त्याचं अप्रूपच उरलेलं नाही.

गावाच्या नावाचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आलं, पण बाहेरचा माणूस शोधताना अजून बेळगाव टाइप करतो. दोन्ही लिहा, रोमन लिपीतसुद्धा. स्वतःच्या नावाचं स्पेलिंग मात्र सगळीकडं एकच ठेवा. एका ठिकाणी आडनावात एक ओ आणि दुसरीकडं दोन, असं झालं की यंत्राच्या लेखी तुम्ही दोन वेगळी माणसं होता आणि तुमची गाणी दोन खात्यांत विभागली जातात. गायिका गौहर जान यांनी १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव खणखणीत आवाजात इंग्रजीत सांगत. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या कारागिरांना लेबलवर नाव बरोबर घालता यावं म्हणून ही सोय होती असं सांगतात. सव्वाशे वर्षांनी आपण तेच काम फॉर्म भरून करतो, आणि घाईघाईत करतो.

फॉर्मचं थोडक्यात सांगते, कारण ते कंटाळवाणं आहे. वितरकाकडं, म्हणजे स्पॉटिफायसारख्या गाणी ऐकायच्या अॅपवर गाणं पोचवणाऱ्या कंपनीकडं, ते चढवताना भाषेच्या रकान्यात मराठीच निवडा, समोर दिसली म्हणून हिंदी नको. प्रकारांच्या यादीत भावगीत किंवा नाट्यगीत सहसा सापडत नाही. जवळचं निवडा आणि खरा प्रकार वर्णनात लिहा. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर ते प्रसिद्ध व्हायच्या आधी सुचवावं लागतं, किमान सात दिवस हातात ठेवून, आणि तिथं लिहायला जेमतेम पाचशे अक्षरं मिळतात. आदल्या रात्री मला फोन करून हे होत नाही. यूट्यूबवर वर्णनाच्या पहिल्या ओळीच तेवढ्या उघड्या दिसतात, बाकीचं बोट लावल्यावर. त्या पहिल्या ओळी 'नमस्कार, आमच्या चॅनेलवर आपले स्वागत' यात घालवू नका.

श्रेयनामावलीत मात्र कंजुषी नको आणि खोटेपणाही नको. सगळ्यात जास्त गोंधळ 'पारंपरिक' या शब्दाचा. अभंग तुकोबांचा असला तर शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असेल तर ती पारंपरिक होत नाही. आपल्या कायद्यानं संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्यानंतर साठ वर्षं त्या चालीवर हक्क राहतो. लहानपणापासून रेडिओवर ऐकली म्हणून ती गावाची झाली असं नाही. ढोलकीवाल्याचं, कोरस म्हणणाऱ्या पोरींचं नाव घाला. फायद्याचं बोलायचं तर ती सगळी माणसं आपापल्या घरच्या ग्रुपवर गाणं टाकतात.

आणि आपल्याकडं गाणं खरं पोचतं ते तिथंच, व्हॉट्सअॅपवर. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकलं गेल्याशिवाय गाण्याचे पैसेच धरले जात नाहीत. हा नियम २०२४ पासूनचा. एवढे श्रोते मिळवायचे तर सुरुवात नातेवाईक, शेजारी, ऑफिस, भिशी इथनंच होते. तिथं नुसती निळी लिंक चिकटवून 'ऐका आणि शेअर करा' म्हटलं की लोक फुलांचा गुच्छ पाठवतात आणि ऐकत नाहीत. लिंकच्या आधी एक ओळ तुमच्या बोलण्यातली लिहा : 'आईच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याच आवाजात रेकॉर्ड केल्यात, दुसऱ्या ओवीला ती हसते ते काढलेलं नाही.' हे मी स्वतः एका घरच्या ग्रुपवर वाचलं आणि तिथल्या तिथं ऐकलं.

अजून एक वाचणारा असतो, त्याला सगळे विसरतात. तो म्हणजे कार्यक्रम ठरवणारा. निपाणीतल्या गणेशोत्सव मंडळाचा कार्यकर्ता, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ गाण्याला देणारे गुरुजी, हळदीकुंकवाला काहीतरी वेगळं हवं असलेलं महिला मंडळ. त्यांना तुमच्या साधनेबद्दल ऐकायला वेळ नसतो. त्यांना हवं असतं : किती जण येणार, किती वेळ गाणार, माइक किती लागतील, गाडीभाडं कुणाचं, मानधन किती. 'पाच जण, दीड तास, हार्मोनियम-तबला आमचा, साउंड तुमचा' असं लिहिणारा कलाकार मला या भागात क्वचितच दिसतो. मानधनाचा आकडा लिहायला तर सगळ्यांना लाज. 'जे काय द्याल ते' म्हणणाऱ्याला नारळ आणि शाल मिळते, हे मी मंचावर उभी राहून पुष्कळदा पाहिलंय. ती शाल हातात द्यायला बोलावण्याचं कामही माझंच असतं.

मध्यंतरी मिरजेहून एका मंडळाचा फोन आला, येळ्ळूरकडच्या बायकांच्या भजनी मंडळाचा व्हिडिओ बघून. कार्यक्रम पक्का करायचा होता, पण व्हिडिओखाली देवीची आरती अख्खी टाइप केलेली होती, फोन नंबर कुठंच नव्हता. नंबर माझ्याकडं होता म्हणून जमलं. आता त्यांनी पहिल्याच ओळीत नंबर टाकलाय, आणि शेजारी : 'संध्याकाळी सातनंतर करावा. दिवसा आम्ही शेतात असतो.'