१८०५ च्या शेजारी

विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचं मराठी व्याकरण बंगालमधल्या डॅनिश वसाहतीत, श्रीरामपूरला छापून निघालं ते १८०५ साल. छापील मराठीच्या कुठल्याही यादीत ते वरच्या चार ओळींत असतं. आज त्याच्याशेजारी त्याच्या बायकोचं, डोरोथीचं साल मांडलं आणि तेव्हापासून चैन नाही. ती गेली १८०७ च्या डिसेंबरात. म्हणजे आपले विभक्तिप्रत्यय जुळवले जात होते तेव्हा ती जिवंत होती आणि बाजूच्या खोलीत होती. तिला बंद ठेवावं लागे. भर आला की तिचा आरडाओरडा चालायचा आणि अलीकडे कॅरी पंडितांबरोबर बसलेला असायचा, असं त्याचा सहकारी मार्शमन याच्या मुलानं लिहून ठेवलंय.

हे आपल्याला नवं नाही. तरीही.

बाई हिंदुस्थानात यायलाच तयार नव्हती. १७९३ मध्ये धाकटा मुलगा जेबेझ जेमतेम महिन्याचा होता. धाकटी बहीण कॅथरिन बरोबर येते म्हणाली तेव्हा कुठे ही जहाजावर चढली. पुढच्याच वर्षी बंगालमधल्या मदनाबाटी गावी तिचा पाच वर्षांचा पीटर आमांशानं गेला. त्याच्यानंतर ती सावरलीच नाही. कॅथरिननं इथेच लग्न केलं. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

सारखं मनात येतं, कॅरीला ऐकू येत नसेल का? येत असणारच. मंगळवारी संध्याकाळी होडीनं कलकत्त्याला, फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायचं, शुक्रवारी परत. पगार महिना पाचशे रुपये, त्यातला बहुतेक सगळा मिशनच्या खात्यात. मग घरी उरलेले दिवस तेच टेबल आणि तीच भिंत. पुढे त्यानं आपल्या पुतण्याला सांगितलं होतं, मला चिकाटीचा माणूस म्हण, त्यापुढे काही नको. हे वाक्य एरवी आपण कौतुकानं सांगतो. आज ते नुसतं टोचतंय.

आणि लग्नाच्या नोंदवहीत डोरोथीची सही म्हणजे एक फुली. इतक्या भाषांचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, पाडणाऱ्या माणसाची बायको.

खिळ्यांवरून आठवलं, ते तरी नीट लिहून ठेवते. १८०५ च्या व्याकरणात मराठी शब्द देवनागरीत आहेत, कारण मोडीचे खिळे तयार नव्हते. पोलादी पट्टीच्या टोकाला अक्षर उलटं कोरायचं, पट्टीला पाणी द्यायचं, मग ती तांब्यावर ठोकून साचा घ्यायचा आणि त्यात शिसं ओतायचं. पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांचं हे काम. मोडीत गोची अशी की लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि अक्षरं तिला लटकवत जातो, हात उचलायचा नाही. खिळा मात्र एकेकटा. त्याच्या डोक्यावरची रेघ दोन्ही कडांना काठोकाठ पोचली पाहिजे. केसभर आखूड पडली तर शब्दात फट, केसभर वर सरकली तर ओळीला पायरी. १८०८ च्या दुसऱ्या आवृत्तीत मोडी आली, १८१० चा कोशही मोडीत.

१८०८. त्याच वर्षी मे महिन्यात कॅरीचं शार्लोटशी दुसरं लग्न. दुसरी आवृत्ती! असा विचार मनात येतो आणि स्वतःचीच लाज वाटते, पण हसूही येतं.

आता थोडी निवळलेय. डोरोथीसाठी कॅरीवर खटला भरायचा तर साक्षीला आपणच मिंधे. त्याच्याच छापखान्यातून निघालेल्या पुस्तकांवर आपण पोसलेलो. १८१२ च्या मार्चमध्ये छापखाना जळला, हस्तलिखितं गेली, खिळ्यांचं पाणी झालं. पण अक्षरं कोरलेल्या त्या पोलादी पट्ट्या राखेत शाबूत सापडले म्हणून वितळलेल्या धातूतूनच पुन्हा ओतकाम सुरू झालं. १८१४ ला ‘सिंहासन बत्तिशी’ आली. १८१८ मध्ये श्रीरामपूरचं कॉलेज निघालं, त्यात हिंदू पोरंही होती. १८२७ ला डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली. या सगळ्यात बाजूची खोली कुठे बसवायची? चरित्रकार ती एका परिच्छेदात बसवतात. मला तेवढंही जमत नाहीये.

मराठीसाठी मदत करणाऱ्या वैजनाथ पंडितांचं नाव कॅरी प्रस्तावनेत तरी घेतो. त्या घरात रोज बसणाऱ्यांनी काय ऐकलं असेल ते कुणी लिहिलं नाही. पंडित मंडळी मानधनाला बांधलेली, ती कशाला बोलतील?

यादीत १८०५ च्या पुढे डोरोथीचं नाव घालायचं म्हटलं तर रकाना नाही. ‘शेरा’मध्ये घातलंय. कुणी विचारलं तर बघू.