रोडस, पर्गामॉन आणि आपला राघोबा

सध्या ठाणे-पनवेल लोकलमध्ये सीट मिळाली की फोनवर ग्रीक इतिहास वाचतो, अलेक्झांडर गेल्यानंतरचा, म्हणजे इ.स.पू. ३२३ च्या पुढचा. शाळेत अलेक्झांडर पोरसला भेटतो आणि विषय संपतो, पण खरी मजा त्यानंतरच आहे. सरदारांनी साम्राज्य वाटून घेतलं, इजिप्त टॉलेमीला, आशिया सेल्युकसला, मॅसेडोनिया शेवटी अँटिगोनसच्या घराण्याला, आणि या तिघांच्या मधे अडकलेली रोडस बेट, आजच्या तुर्कीतलं पर्गामॉन, बायझँटियम, दक्षिण ग्रीसमधल्या शहरांचा अकियन संघ असली छोटी मंडळी. ही सारखी युत्या करत असतात आणि दर वेळी नाव स्वातंत्र्याचं. मला ते फारसं पटत नाही. हिशोब साधा असायचा, आपल्याला आधी कोण गिळणार?

इ.स.पू. २०१ चंच बघा ना. इजिप्तच्या गादीवर लहान पोर बसलंय हे बघून मॅसेडोनियाचा पाचवा फिलिप आणि सेल्युकसच्या घराण्यातला तिसरा अँटायोकस यांनी त्याचा मुलूख वाटून घ्यायचं गुपचूप ठरवलं, निदान ग्रीक इतिहासकार पॉलिबियस तरी तसं सांगतो. त्यात फिलिपने कियोस नावाचं शहर घेऊन तिथली माणसं गुलाम म्हणून विकली, आणि काळ्या समुद्राकडून धान्य येतं त्या वाटेवरची शहरं ताब्यात घ्यायला लागला. रोडसचं पोट बंदरावर, त्यांना हे कसं चालेल. पर्गामॉनचा पहिला अ‍ॅटॅलसही घाबरलेला. या दोघांचं काही गूळपीठ नव्हतं, आधीच्या युद्धात अ‍ॅटॅलस फिलिपशी लढत होता आणि रोडसवाले ते युद्ध थांबवायला मध्यस्थी करत फिरत होते. पण बिल्डर दारात आला की पार्किंगवरून भांडणाऱ्या दोन सोसायट्या पण एका टेबलावर बसतातच.

मग खिओस बेटाजवळ समुद्रात लढाई झाली. रोडसची जहाजं नाक पाण्यात दाबून समोरच्याला पाण्याच्या रेषेखाली भोक पाडायची, काय कसब असेल! फिलिपने त्यावर उपाय म्हणून मोठ्या जहाजांच्या मधे छोट्या चपळ होड्या घुसवल्या. अ‍ॅटॅलस पाठलाग करता करता आपल्या आरमारापासून तुटला, जहाज किनाऱ्याला चढवलं, आणि त्याच्या माणसांनी जांभळे राजवस्त्र, भांडी वगैरे सगळं डेकवर पसरून ठेवलं. मागून आलेले मॅसेडोनियन लुटीत रमले आणि राजेसाहेब सटकले 😄 रोडसचा सेनानी थिओफिलिस्कस मात्र जखमांनी दुसऱ्या दिवशी गेला. फिलिपचं नुकसान प्रचंड झालं, पण तो काही थांबला नाही, म्हणून मग रोडस आणि अ‍ॅटॅलसचे वकील मदत मागायला रोमला गेले.

इथे मला अराटस आठवतो. अकियन संघाचा हा पुढारी, इ.स.पू. २४३ मध्ये याने रात्री शिड्या लावून कॉरिंथचा गड मॅसेडोनियाकडून जिंकला होता, फितुरांना द्यायला पैसे कमी पडले म्हणून घरची भांडी आणि बायकोचे दागिने गहाण टाकून. आणि वीसेक वर्षांनी स्पार्टाचा क्लिओमेनिस वरचढ झाला तेव्हा याच माणसाने तोच गड मॅसेडोनियाच्या राजाला मदतीची किंमत म्हणून देऊन टाकला! कारण क्लिओमेनिसने स्पार्टात कर्जं माफ करून जमिनी वाटल्या होत्या आणि अकियातल्या गरिबांना पण तेच हवं होतं, जमीनदारांची झोप उडाली. म्हणजे युती कुणासाठी, तर शहरातल्या पैसेवाल्यांसाठी पण.

आपल्याकडे राघोबादादांनी वेगळं काय केलं? पेशवाईसाठी १७७५ ला सुरतेच्या तहात इंग्रजांना साष्टी आणि वसई देऊ केली. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी आदल्याच डिसेंबरात घेतलेला, आज जिथे सेंट्रल जेल आहे तो. दादांना पेशवाई मिळाली नाही, साष्टी मात्र सालबाईच्या तहानंतरही इंग्रजांकडेच.

म्हणून मला वाटतं युती जमवणं सोपं, काम झाल्यावर घरी जाईल असा दांडगा शोधणं अवघड. टॉलेमी तसा होता, लांब होता, रोडसला वेढा पडला तेव्हा धान्य पाठवलं आणि आपल्या जागी राहिला. रोम पण आधी तसंच वाटलं, फिलिपला हरवून इ.स.पू. १९४ मध्ये सैन्य खरंच परत नेलं. मग अँटायोकसच्या वेळी परत आलं, १८८ च्या तहात पर्गामॉन आणि रोडसला भरपूर मुलूख दिला, दोघं खुश.

रोडसवाले हुशार, एवढं सगळं करून रोमशी कागदावर तह केलेला नव्हता, सगळ्या राजांना आपली आशा वाटत राहावी म्हणून. मग मॅसेडोनियाच्या शेवटच्या राजाच्या युद्धात परत मध्यस्थी करायला गेले आणि रोम चिडलं. दिलेला मुलूख काढून घेतला, डेलोस बेट करमुक्त बंदर केलं, आणि रोडसच्या बंदराचं उत्पन्न १० लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आलं. त्यानंतर रोडसचे वकील तहासाठी रोमच्या पायऱ्या झिजवत होते, तो इ.स.पू. १६४ मध्ये कसाबसा मिळाला.