देवबागच्या बंधाऱ्याचा प्रस्ताव आणि वाळूच्या नोंदी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवबाग हे गाव पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसले आहे. २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळानंतर धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या मागणीने पुन्हा जोर धरला आणि कागदपत्रे जुळवण्याचे काम आम्हा चार-पाच जणांकडे आले.

ज्याला त्याला बंधारा आपल्याच घरासमोर हवा होता. पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी मात्र वाळू कोणत्या महिन्यात जाते आणि त्यातली किती परत येते, असे विचारले. पावसाळ्यातील उंच लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, ती उथळ पाण्यात दांड्याच्या रूपाने साठते आणि ऑक्टोबरनंतर समुद्र निवळला की लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. "रेव (वाळू) दिवाळीनंतर परत येता," असे आमचे जुने रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे मच्छीमार, सांगतात ते याच अर्थाने. पण जी वाळू दिवाळीनंतरही परतत नाही, ती खरी धूप आणि प्रस्तावात तीच दाखवावी लागते. नदी समुद्राला मिळते त्या संगमावर हा हिशेब अधिकच गुंतागुंतीचा होतो, कारण पुराच्या लोंढ्याने मुखातील वाळू बाहेर फेकली जाते आणि उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की भरतीबरोबर आलेली वाळू तेथेच बसून होड्यांची वाट अडवते.

मोजणीसाठी महागडे यंत्र लागले नाही. सारख्या उंचीच्या दोन काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या, त्यांच्यामध्ये दोन मीटर दोरी ठेवली आणि एका घराच्या जांभ्या दगडाच्या जोत्यापासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत एकेक टप्पा उतरत गेलो. वरच्या काठीमागे उभे राहून खालच्या काठीचे टोक क्षितिजरेषेशी जुळवायचे. ती नजर वरच्या काठीला तिच्या टोकापासून जितकी खाली छेदते, तितका त्या टप्प्याचा उतार. अमावास्येच्या ओहोटीला पाणी खूप मागे जाते म्हणून तोच दिवस धरला. धुरकट हवेत क्षितिज दिसत नाही, तेव्हा मात्र मुकाट्याने घरी परतावे लागते.

कागदांचा भाग तुलनेने कंटाळवाणा होता. ग्रामसभेचा ठराव, सातबारा उतारे, १:४००० प्रमाणाचा सीआरझेड (सागरी किनारा नियमन क्षेत्र) नकाशा आणि त्यावर उच्चतम भरतीरेषा. काही सातबाऱ्यांवर आजही माड आणि क्षेत्र नोंदलेले आहे, प्रत्यक्षात मात्र तेथे लाटा फुटतात. अशा जमिनीची हद्द कोठून धरायची, या एका प्रश्नावर आमची फाइल एका कार्यालयात बराच काळ पडून राहिली. धूप रोखण्याच्या कामांना सीआरझेड अधिसूचनेत वाव आहे, परंतु त्यासाठी महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जावे लागते आणि तेथे केवळ फोटोंवर भागत नाही.

खरा वाद बंधाऱ्याच्या लांबीवर झाला. दगडी बंधारा मागची जमीन राखतो, पण त्याच्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उपसते आणि बंधारा जेथे संपतो त्याच्या लगतचा किनारा अधिक खचतो. काठ्यांच्या नोंदींत एका जुन्या बंधाऱ्याच्या टोकाशी हा खड्डा स्पष्ट दिसत होता, त्यामुळे ज्यांचे घर त्या टोकापाशी आहे त्यांचे म्हणणे इतरांना मान्य करावे लागले. अखेर आम्ही लांबी कमी केली आणि मुखातून काढला जाणारा गाळ वाळूचा असेल तर तो विकू नये, धूप झालेल्या भागावरच टाकावा, अशी मागणी जोडली. माझ्या मते संपूर्ण प्रस्तावातील महत्त्वाचे वाक्य तेच आहे, कारण संगमावरची वाळू बाहेर गेली की किनाऱ्याला तेवढी वाळू कायमची कमी पडते.

असा प्रस्ताव करू पाहणाऱ्या गावांनी मोजणीची सुरुवात मे महिन्यातच करावी. पावसाळ्यापूर्वीची नोंद हाताशी नसेल, तर नंतरच्या आकड्यांची तुलना कशाशीच करता येत नाही आणि पुढच्या मे महिन्याची वाट पाहावी लागते.