आमची वाटचाल : उद्यमनगरची खोली ते शिरोलीच्या भट्ट्या

कोल्हापुरात टेक स्टार्टअप चालत नाही हे मी २०१७ पासून ऐकतोय. सांगणारे निम्मे पुण्या-मुंबईचे आणि निम्मे आपलेच. फौंड्र्यांसाठी, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, मशीन बनवणारी आमची कंपनी आजही चालू आहे, पगार वेळेवर होतात आणि कुठल्याही फंडाचा एक रुपया आमच्यात नाही. पेपरात नाव येतं ते कुणी किती कोटी उचलले त्याचं, म्हणून म्हटलं आपलं आपणच लिहावं.

फौंड्रीवाल्यांना सांगायला नको, एसजी आयर्नला (आत ग्रॅफाइटचे गोळे असलेलं चिवट ओतीव लोखंड) मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की घड्याळ सुरू. दहा-बारा मिनिटांत ओतून झालं नाही तर फेडिंग, म्हणजे मॅग्नेशियमचा असर उतरतो, नोड्युलॅरिटी (ग्रॅफाइटचा गोलपणा) गेली, आणि कळणार कधी तर माल मशीनशॉपला गेल्यावर, नाहीतर थेट डेबिट नोट (गिऱ्हाइकानं पैसे कापल्याचा कागद) आल्यावर. आणि कुठल्या हीटचा (एका वेळच्या वितळणीचा) माल कुठल्या बॉक्सात (साच्यात) गेला ते सुपरवायझरच्या वहीत. आम्ही थर्मोकपलच्या लान्सचं (रसात बुडवून तापमान मोजणारी दांडी) रीडिंग थेट उचललं, त्याला हीट नंबर, ट्रीटमेंटची वेळ आणि शेवटचा बॉक्स ओतल्याची वेळ जोडली, आणि ओतणाऱ्याला दिसेल असा मोठा लाल डिस्प्ले लावला. वेळ संपत आली की भोंगा वाजतो. बस एवढंच, पण एवढंच कुणी करत नव्हतं.

पहिलं मशीन शिवाजी उद्यमनगरातल्या एका खोलीत बनलं. माझा भागीदार इलेक्ट्रॉनिक्सवाला, सॉफ्टवेअर माझ्याकडं. ईएसपी३२ बोर्ड (छोटा कंट्रोलर) टेबलावर झकास चालायचा आणि इंडक्शन फर्नेसजवळ (विजेची भट्टी) नेला की रीडिंग उड्या मारायचं. मग शील्डेड केबल, अर्थिंग वेगळं, पॉवरच्या केबलपासून सिग्नलची केबल लांब, आणि धूळ आत जाणार नाही असा पत्र्याचा बॉक्स. उद्यमनगरात सकाळी ड्रॉइंग दिलं की संध्याकाळी बॉक्स हातात, भोक चुकलं तर उभ्या उभ्या दुरुस्त. ही सोय मोठ्या शहरातल्या काचेच्या ऑफिसात बसणाऱ्यांना नाही, आणि हार्डवेअर करणाऱ्या पोरांनी हे लक्षात घ्यावं, प्रोटोटाइप जिथं लवकर मोडून परत बनतो तिथंच कंपनी काढावी.

पहिलं गिऱ्हाईक शिरोली एमआयडीसीतलं. त्यांना सगळे आबा म्हणतात. आम्ही ट्रायलला फुकट लावतो म्हणालो तर आबा म्हणाले, "पोरांनो, फुकट लावू नका. फुकटचं मशीन माझी माणसं पोत्यानं झाकून ठेवतील. पैसे घ्या, म्हणजे मी रोज विचारीन चालू आहे का." आणि खरंच रोज विचारायचे. एकदा त्यांच्या कस्टमरनं एका पार्टची सगळी लॉट परत करायची धमकी दिली, तेव्हा आमच्या रेकॉर्डवरून एकाच हीटचे शेवटचे बॉक्स उशिरा ओतलेत हे निघालं, तेवढाच माल बाजूला काढला आणि बाकीची लॉट वाचली. त्या दिवसापासून आबा आमचे सेल्समन झाले असं म्हटलं तरी चालेल.

आता २०१९. त्याच्या आधीचं पैशाचं थोडं सांगतो. इचलकरंजीचे एक सूत व्यापारी आमच्यात पैसे घालायला तयार होते, पण २०१२ पासून एंजल टॅक्स होता, म्हणजे शेअरच्या ठरवलेल्या किमतीपेक्षा जास्त प्रीमियम आला की तो फरक कंपनीचं उत्पन्न धरायचा. त्यांचे सीए घाबरले, ते थांबले. फेब्रुवारी २०१९ मध्ये डीपीआयआयटीची (केंद्राचं उद्योग खातं) मान्यता असलेल्यांना त्यातनं बरीच सूट मिळाली, तोवर त्यांचे पैसे प्लॉटमध्ये गेले होते. हा टॅक्स सगळ्यांसाठी काढायची घोषणा झाली जुलै २०२४ च्या बजेटात! तेवढ्या काळात आपल्याकडच्या किती व्यापाऱ्यांचा पैसा स्टार्टअपऐवजी जमिनीत गेला असेल.

मग एका मोठ्या गुंतवणूकदाराची टर्मशीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा, आली. टर्मशीटमध्ये बाकी काही बंधनकारक नसतं, पण गुप्तता आणि नो-शॉप असतं, म्हणजे ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. आम्ही शब्द पाळला. दुसरे एक जण विचारत होते त्यांना नाही म्हटलं. ड्यू डिलिजन्ससाठी (गुंतवणुकीआधीची तपासणी) मागतील तो कागद दिला, त्यांच्या सांगण्यावरून दोन माणसं पण घेतली. आणि त्याच वर्षी गाड्यांचा खप पडला, फौंड्र्यांनी शिफ्टा कमी केल्या. वर ऑगस्टचा महापूर. राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटाला धोका, पाणी ५५ च्या वर, शिरोलीजवळ हायवे बंद, भट्ट्या थंड. पाणी उतरतंय तोवर मेल आला, चार ओळींचा, "सध्या पुढे जात नाही". फोन उचलला नाही. आमचा हिशोब, आमची गिऱ्हाइकांची यादी, सगळं त्यांच्याकडं. त्याची चीड मला आजही आहे आणि ती जाणार नाही.

बँकेत गेलो. विनातारण कर्जाची सरकारी गॅरंटी असताना मॅनेजर म्हणतात सातबारा आणा. भागीदारानं बायकोचं सोनं ठेवून एक पगार भागवला. शेवटी आबांकडं गेलो ते सर्व्हिस बंद होईल हे सांगायला. त्यांची स्वतःची एकच शिफ्ट चालू होती, तरी त्यांनी पुढच्या वर्षाची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) आणि दुसऱ्या भट्टीच्या मशीनचे पूर्ण पैसे ॲडव्हान्स दिले आणि म्हणाले, "बिल नंतर पाठवा, आधी पोरांचे पगार करा." एक टक्काही शेअर मागितला नाही.

आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत एक फंडेड कंपनी इथं उतरली. आमच्यासारखंच मशीन, सहा महिने फुकट, आमचा इन्स्टॉलेशनचा पोरगा दुप्पट पगारावर उचलला. काही फौंड्र्या गेल्या. गेल्या त्या गेल्या, पण "ते फुकट देतात, तुम्ही पैसे कसले मागता" हे ऐकून घ्यायचं जास्त लागायचं. आबांची पोती आठवायची. पुढं फंडिंग आटलं, त्यांचा सर्व्हर बंद झाला, आणि गिऱ्हाइकांचा हीटचा सगळा डेटा त्याच्यातच राहिला. आमचा डेटा पहिल्यापासून गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या पीसीवर पण असतो.

२०२१ ला सीड फंड स्कीम आली, ९४५ कोटींची, प्रोटोटाइपला २० लाखांपर्यंत ग्रँट. अट काय तर अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. आम्ही चार वर्षांचे. जो टिकला त्यालाच दार बंद. अशी स्कीम चालू असेल तर नव्या पोरांनी मात्र ती सोडू नये, रजिस्ट्रेशनची तारीख बघून लगेच इनक्युबेटर (नव्या कंपन्यांना हात देणारी संस्था) गाठावा. आणि भागीदारीत शेअर पहिल्या दिवशी वाटून टाकू नका, चार वर्षांचं व्हेस्टिंग (शेअर थोडे थोडे करून हातात येणं) आणि पहिल्या वर्षाचा क्लिफ (वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही) घालाच, सख्खा दोस्त असला तरी. टर्मशीट आली तर नो-शॉप तीस दिवसांवर आणा आणि पैसे खात्यात पडेपर्यंत एक माणूस वाढवू नका. उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) करा, बिलावर नंबर छापा, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे आणि आता उशीर करून मार्चअखेरपर्यंतही दिले नाहीत की माल घेणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च टॅक्समध्ये धरता येत नाही, त्यामुळं मार्च आला की अकाउंटंट स्वतः फोन करतात.

सोडून गेलेल्या फौंड्र्यांपैकी बऱ्याच परत आल्या. त्यांना रेट तोच लावला, सूट नाही, ॲडव्हान्स पूर्ण. सध्या कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत नवं मशीन बसवतोय, वाळूतला ओलावा मोजणारं. त्याची पहिली ट्रायल आबांच्या मिक्सरवर झाली, आणि तीही पैसे घेऊनच.