एक कमी

"या वर्षी पोरांना तू ने," अण्णा म्हणाले. गुडघा बदलून त्यांना तीन आठवडे झाले होते, वॉकर भिंतीला टेकवलेला होता. नाही म्हणायची सोयच नव्हती.

आमचं मंडळ डोंबिवलीतलं. रविवारी सकाळी मैदानावर खेळ आणि डिसेंबरात एक मुक्कामी सहल. सहा वर्षं मी या सहलीला जात होते, पण 'मदतीला'. मदतीला जाणाऱ्यानं भाकरी वाढायची, रडणाऱ्याला जवळ घ्यायचं, बसमध्ये भेंड्या घ्यायच्या. काळजी करायचं काम अण्णांचं. या वेळी संमतीपत्रावर 'सहलप्रमुख' म्हणून माझं नाव छापलं जाणार होतं. १२ ते १५ वयाची २८ मुलं, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी उधेवाडीत एक रात्र. जाताना लोणावळ्याहून तुंगार्ली धरणाच्या बाजूनं चालत, दुसऱ्या दिवशी सकाळी राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला, आणि येताना जीप.

कर्जतच्या बाजूनं, कोंढाणे लेण्यांवरून चढायचं असं मुलांचं म्हणणं होतं. ती वाट खरोखरच देखणी आहे. पण तिथे एखाद्याचा पाय मुरगळला तर त्याला खांद्यावर घेऊनच उतरावं लागतं. लोणावळ्याची वाट पंधराएक किलोमीटर लांब, जराशी कंटाळवाणी, पण कोरड्या दिवसांत तिच्यावरून गाडी येते. वाट ठरवताना मी एवढंच बघितलं. मुलं दोन दिवस रुसली.

नोव्हेंबरात मी आणि मंडळातला एक दादा रेकीला, म्हणजे जागा आधी बघून यायला गेलो. याआधी मी रेकी म्हणजे फुकटची ट्रिप समजायचे. या वेळी वहीत प्रश्न लिहून नेले होते. ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्या मामांना एकेक विचारत गेले. संडास किती, रात्री तिथे दिवा असतो का, पाणी कुठलं, मोबाइलला रेंज कुठे मिळते. (देवळाच्या पुढच्या एका दगडावर. दगड मी नंतर मुलांना दाखवलाच नाही, नाहीतर सगळी तिथेच बसली असती.) शेवटी विचारलं, रात्री गाडी मिळेल ना? "गाडी आहे की, ही काय दारात." मी 'गाडी आहे' असं लिहून पुढे निघालेच होते. दादानं सहज विचारलं, "आणि ड्रायव्हर?" ड्रायव्हर रोज संध्याकाळी लोणावळ्याला घरी जायचा. म्हणजे रात्री दारात गाडी उभी, आणि चालवणारा कुणी नाही. त्या एका रात्रीचे पैसे ठरवून आम्ही त्याला गावातच झोपायला लावलं. सहलीच्या खर्चातले ते सगळ्यात चांगले पैसे होते, जरी गाडी रात्री जागची हललीसुद्धा नाही.

घरी आल्यावर कागदपत्रं. साहसी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२१ मध्ये आलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांचा त्यात विचार आहे, ट्रेकिंगही आहे. ते मी पेन्सिल घेऊन वाचलं. सरकारी भाषेला कंटाळणाऱ्यांनीही एकदा वाचावं, कारण प्रशिक्षित माणूस, प्रथमोपचार, विमा, सुटकेची सोय अशा गोष्टी त्यात ओळीनं येतात आणि आपल्याकडे काय नाही ते आपोआप समोर येतं. माझ्याकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र नव्हतं. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचा कोर्स केला. छाती दाबायच्या पुतळ्यावर मी इतक्या हळुवार हातानं दाबत होते की शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो ताई, पोळी लाटताय का?" मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटीमीटर खोल. दोन मिनिटांत घाम फुटतो.

साप हा माझा खास भीतीचा विषय. नाग आणि घोणस सगळ्यांना माहीत असतात, फुरसंही. मला झोप लागू देत नव्हता तो मण्यार. तो रात्रीचा हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, चावलेलं नीट दिसत नाही आणि फारसं दुखतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या मिटायला लागतात, आणि घरातले म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. म्हणून मी मोठ्यांना दोन गोष्टी पाठच करायला लावल्या. पहाटे कुणाचं पोट दुखलं तर आधी डोळे बघायचे. आणि काही चावलंच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, तो अवयव हलू न देता गाडीत घालून निघायचं. निघायचं कुठे, हे शोधण्यासाठी लोणावळ्याच्या परिसरातल्या दवाखान्यांना फोन केले. एका ठिकाणी मला सांगितलं, "पेशंट घेऊन या, मग बघू." सापाचं इंजेक्शन आहे की नाही एवढंच मला हवं होतं. चौथ्या फोनला एका सिस्टरनं फोन धरून ठेवायला सांगितला, फ्रीज उघडून बघून आली आणि म्हणाली, "आहे." त्या दवाखान्याचं नाव डायरीच्या पहिल्या पानावर गेलं, १०८ आणि ११२ च्या खाली.

आता फॉर्म. आमचा जुना फॉर्म अण्णांनी केव्हातरी टाइप केलेला. त्यात एक ओळ: 'मुलाला/मुलीला काही आजार आहे का? हो / नाही.' २८ फॉर्म आले, २८ ठिकाणी 'नाही'. एवढी ठणठणीत मुलं अख्ख्या डोंबिवलीत नसतील. मी संध्याकाळी स्वयंपाक उरकून रोज चार-पाच घरी फोन लावायला घेतले. फोनवर लोक बोलतात. दोघांना दमा निघाला, पंप दप्तरात असतो म्हणे, "पण आजार असा नाही." एकाला लहानपणी फिट यायची. एका मुलीला शेंगदाणा चालत नाही, ओठ सुजतात. हे ऐकून मी गारच पडले. आपल्याकडे दाण्याचा कूट कशात नसतो? मामींना फोन करून ठेचा बिनदाण्याचा करायला सांगितला. त्यांनी विचारलं, "मग चव कशाची?" पण केला. वेगळ्या पाट्यावर वाटला, न सांगता.

एका आईला मी विचारलं, "बाकी काही नाही ना, रात्रीचं वगैरे?" त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "नाही नाही, काही नाही. छान राहतो तो." ते थांबणं माझ्या लक्षात आलं होतं. मी पुढे विचारलं नाही. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि अजून तीन फोन बाकी होते.

सहा मोठी माणसं होतो, तीन बायका, तीन पुरुष. निघण्याआधी सगळ्यांना बसवून नियम सांगितले. चालताना पुढे एक, मागे एक, मागच्याच्या मागे कुणीही नाही, लघवीला थांबलेला मुलगासुद्धा नाही. प्रत्येकाची जोडी ठरलेली. गोळी कुणालाही परस्पर द्यायची नाही. आणि एकट्या मुलाबरोबर एकटं मोठं माणूस कधीही असायचं नाही, बाई असो की पुरुष. यावर एक जुने कार्यकर्ते दुखावले. "आपल्यावर एवढा अविश्वास?" मी म्हटलं, "काका, हा नियम माझ्यासाठीही आहे." पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे. मुलाच्या बाबतीत असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही त्याच महिन्यात कळलं होतं.

आणि पाणी. उधेवाडीजवळ तळं आहे, काठाला शंकराचं जुनं देऊळ. फार सुंदर जागा. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले होते. तेव्हापासून अण्णांचा नियम एकच: पाण्यात पाऊल नाही. घोट्यापर्यंत नाही, फोटोपुरतं नाही. देऊळ बघायचं आणि मागे फिरायचं.

चालण्याचा दिवस निर्वेध गेला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोघांच्या टाचांना फोड, एकीची चप्पल तुटली (बूट घालून ये असं तीनदा सांगितलेलं). संध्याकाळी पिठलं-भाकरी. शेकोटी सारवलेल्या अंगणात, गवतापासून लांब, बाजूला दोन बादल्या पाणी. थंडी पडल्यावर काही मुलांनी शेगडी खोलीत नेऊन दार लावून घ्यायची टूम काढली, ती तिथेच मोडली. बंद खोलीत कोळशाच्या धुरानं झोपलेली माणसं उठत नाहीत, असं सरळ सांगितलं. मुलांना सरळ सांगितलेलं पटतं.

मुली आतल्या खोलीत, १३. मुलगे पुढच्या पडवीत, १५. पहारा दोघादोघांचा, अडीच तासांच्या पाळ्या, तासाला मोजणी. मोजायचं ते डोकं बघून. पांघरूण मोजायचं नाही, हे अण्णांनी निघताना दोनदा बजावलेलं.

साडेबारा ते तीन माझी आणि दादाची पाळी. २.४० ला पडवीत १४.

पुन्हा मोजले. १४. तिसऱ्यांदा मोजताना बोट थरथरत होतं. एक अंथरूण रिकामं होतं, नुसती चटई. चादर नाही, मुलगा नाही. हाका मारायचा मोह मी आवरला. हाका मारल्या असत्या तर २७ मुलं उठून अंधारात पळाली असती. तिसऱ्या कार्यकर्त्याला उठवून पडवीच्या तोंडाशी बसवलं, इथून हलायचं नाही म्हणून सांगितलं. दादानं संडास बघितले. रिकामे. मी घड्याळ बघितलं, २.४४. आणि मग मला तळं आठवलं. घरापासून चालत जाण्याजोगं तळं, आणि दिवसा मीच त्याची वाट दाखवलेली.

आम्ही त्या दिशेनं निघालोच होतो. घराच्या मागे वळलो तर पाण्याचा आवाज आला. पिंपापाशी तो उभा होता, १३ वर्षांचा, हाफपँटवर, कुडकुडत, अंधारात चादर पिळत. बॅटरीचा झोत मी लगेच जमिनीकडे वळवला.

"ताई, पाणी सांडलं," तो म्हणाला.

"सांडतं कधीकधी," मी म्हटलं.

दादा दहा पावलांवर थांबला, दिसेल असा, पण पाठमोरा. मी चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून पिळली. वैरणीच्या गंजीमागे दोरीवर टाकली. दादानं आपल्या पिशवीतली कोरडी ट्रॅकपँट आणि पांघरूण आणून ठेवलं, एकही शब्द न बोलता. मुलाला दाराजवळची जागा दिली, "मला मोजायला सोपं पडतं म्हणून." २.५१ ला १५. पाळी संपली तरी मी झोपले नाही. सहाला चहा होईपर्यंत उंबऱ्यावर बसून होते. ते पिंप भरलेलं होतं म्हणून मुलगा तिथे थांबला. रिकामं असतं तर चादर घेऊन कुठे गेला असता, हे मला मोजता येत नव्हतं.

सकाळी कुणीतरी विचारलंच, ती चादर कुणाची? दादानं सांगितलं, "माझी. बाटली उलटली." श्रीवर्धनच्या बुरुजावर तो मुलगा सगळ्यात आधी पोचला. मागे थांब म्हणून मला दोनदा ओरडावं लागलं.

डायरीत मी नाव लिहिलं नाही. 'एक बाहेर, ११ मिनिटं, सापडला' एवढंच. अण्णांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला, आणि नाव विचारलं नाही.

त्या आईंना मी तिसऱ्या दिवशी फोन केला. त्या आधी रडल्या, मग रागावल्या. फॉर्म कोण कोण वाचतं, कुठे पडलेले असतात, कुणाच्या ग्रुपवर गेला तर त्याला शाळेत तोंड दाखवायला जागा उरली नसती, असं सगळं बोलल्या. मला वाटलं होतं की चूक त्यांची आहे. पण आमचे फॉर्म खरंच मंडळाच्या कपाटात उघडे पडलेले असायचे आणि मी स्वतः त्यातले काही बसमध्ये मांडीवर ठेवून वाचले होते, शेजारी मुलं बसलेली असताना.

यंदाचा फॉर्म वेगळा आहे. आजाराचा कागद स्वतंत्र, बंद पाकिटात, सहलप्रमुख आणि आणखी एक जण यांनीच उघडायचा, सहलीनंतर परत करायचा. 'आजार आहे का' हा प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी लिहिलंय: 'रात्री आम्हाला माहीत असलेलं बरं, असं काही?' खाली तीन कोऱ्या ओळी. आतापर्यंत १९ पाकिटं आलीत. चौघांनी त्या ओळी भरल्यात. तिघांसाठी दाराजवळच्या जागा आणि जास्तीच्या चादरी धरल्या आहेत. चौथी मुलगी झोपेत चालते. तिच्यासाठी खोलीच्या दाराला बैलाच्या गळ्यातली घुंगरं बांधता येतील का, हे मामांना फोन करून विचारायचंय.