सात नंबरची शंका

मी संख्याशास्त्र शिकवतो. क्रीडाविज्ञान विभागाशी माझा संबंध एवढाच, की त्यांच्या संशोधनात आकडेमोड आली की मला बोलावणं येतं. बहुतेकदा ते सगळं उरकल्यावर येतं, ‘सर, एवढं जरा बसवून द्या’ अशा सुरात. या वेळी मात्र प्रयोग अर्धवट असतानाच निरोप आला. पहिल्या गटाचे आकडे इतके देखणे होते, की तिथल्या मॅडमना राहवेना.

प्रयोग असा होता. मध्यम पल्ल्याचे धावपटू घ्यायचे. निम्म्यांना नेहमीच्या सरावाबरोबर काही आठवडे उड्या आणि वजनांचा जादा व्यायाम द्यायचा, बाकीच्यांनी आहे तोच सराव चालू ठेवायचा. आधी आणि नंतर मोजायचं, की ट्रेडमिलवर ठरावीक वेगाने धावताना शरीर किती ऑक्सिजन वापरतं. त्याच वेगाला कमी ऑक्सिजन पुरला, तर धावणं काटकसरीचं झालं. गाडीचं ॲव्हरेज वाढावं तसं. सपाटीवर धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण 200 मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. माणसामाणसांत फरक असतो, पण एकाच माणसात अशा व्यायामाने दोन-चार टक्क्यांची बचत झाली तरी लोक शोधनिबंध लिहायला बसतात. इथे बचत दिसत होती सोळा-सतरा टक्क्यांची.

मी पोहोचलो तेव्हा सात नंबर ट्रेडमिलवर होती. सहभागींची नावं नोंदवहीत लिहायची नसतात, म्हणून इथेही सात नंबरच म्हणतो. ती पंधराशे मीटर धावते आणि त्याच विभागात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन्हीकडे तिची ओळख ‘अडचणीची मुलगी’ अशीच. प्रात्यक्षिकाच्या दिवशी स्पर्धा येते म्हणून शिक्षक वैतागतात, परीक्षेच्या आठवड्यात सराव बुडतो म्हणून प्रशिक्षक.

चाचणी संपली. मास्क काढला आणि घाम पुसायच्या आधीच तिने संशोधक विद्यार्थ्याला विचारलं, “दादा, चौदाच्या वेगाला किती आलं?”

“एकोणचाळीस! मागच्या वेळी सत्तेचाळीस होतं. कमाल केलीस.” चौदा म्हणजे ताशी चौदा किलोमीटर, आणि एकोणचाळीस म्हणजे दर मिनिटाला, दर किलो वजनामागे तेवढे मिलिलिटर ऑक्सिजन.

तिने पडद्याकडे पाहिलं, मग नोंदवहीकडे. “हा आकडा माझा नाही.”

मला आधी तो विनय वाटला. खेळाडूंना कौतुक झेलायची सवय नसते असं नाही, पण काहींना खरंच नसते. पण ती पुढे बोलायला लागली, आणि त्यात विनयाचा लवलेश नव्हता. “ताशी चौदाला एकोणचाळीस म्हणजे किलोमीटरला एकशे सदुसष्ट होतात. जगातले अगदी निवडक धावपटू इतक्यात भागवतात. मी तशी असते, तर परवाच्या शर्यतीत चौथी आले नसते.”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “अगं, यंत्र सकाळीच तपासलंय. सिलिंडरच्या गॅसला बरोबर आकडे दिले त्याने. आणि गुणोत्तर बघ, तेही व्यवस्थित आहे.” बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन, हे ते गुणोत्तर. मापनात मोठा घोळ असला की ते बहुधा वेडंवाकडं येतं, म्हणून सगळे आधी तिकडे बघतात.

“पण मॅडम, नाडी बघा ना. तेव्हाही एकशे अठ्ठावन्न, आजही एकशे अठ्ठावन्न. श्रमाबरोबर रक्तात वाढणारं लॅक्टेटही तेवढंच. ऑक्सिजन इतका कमी लागत असेल, तर हृदय तेवढंच काम कशासाठी करतंय?”

खोलीत कुणाकडेच याचं उत्तर नव्हतं. वर्गात ती हा धडा शिकली होती: शरीराने वापरलेला ऑक्सिजन म्हणजे हृदयाने ढकललेलं रक्त गुणिले त्या रक्तातून पेशींनी काढून घेतलेला ऑक्सिजन. एक बाजू सहाव्या हिश्शाने घटली, तर दुसऱ्या बाजूला कुठेतरी ते दिसायला हवं. हे समीकरण तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. फरक इतकाच, की नाडीच्या त्या आकड्याला धावताना काय वाटतं हेही तिला ठाऊक होतं.

मॅडमचं मला कौतुक वाटलं ते इथे. ‘तू तुझं धाव’ असं म्हणणारे मार्गदर्शक मी पाहिलेत. त्यांनी फक्त प्रयोगशाळा सहायकाला हाक मारली. हे गृहस्थ वर्षानुवर्षं कंत्राटावर आहेत, शोधनिबंधाच्या आभारातही त्यांचं नाव सापडत नाही, आणि यंत्र कण्हायला लागलं तर सर्वांत आधी त्यांनाच ऐकू येतं. त्यांनी मास्कपासून यंत्राकडे जाणाऱ्या बारीक नळीचं मोकळं टोक बोटाने घट्ट दाबलं. यंत्रातला पंप त्या नळीतून सतत हवा ओढत असतो. टोक बंद झालं की ओढ अडकायला हवी आणि इशारा वाजायला हवा. काहीच वाजलं नाही. पंप मजेत हवा ओढत राहिला.

“कुठूनतरी खोलीतली हवा खातंय हे,” ते म्हणाले आणि जोडाजवळची केसाएवढी चीर दाखवली. नळी नुकतीच बदललेली होती.

मग एकेक कोडं सुटत गेलं. सकाळच्या तपासणीत सिलिंडर वेगळ्या आखूड नळीने थेट यंत्राला जोडतात, त्यामुळे चीर त्या वाटेवर आलीच नव्हती. आणि गुणोत्तराचं म्हणाल तर खोलीच्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नाहीच. उच्छ्वासात ती मिसळली, की ऑक्सिजनची घट आणि कार्बन डायऑक्साइडची वाढ दोन्ही एकाच प्रमाणात फिकी होतात. अंश आणि छेद बरोबरीने घटले, गुणोत्तर जिथल्या तिथे. ज्या आकड्यावर भरवसा ठेवून सगळे निश्चिंत होते, त्याला ही गळती दिसणं शक्यच नव्हतं.

मी तोवर आधीच्या सहभागींचे आकडे मांडून बसलो होतो. नव्या नळीवर धावलेल्या प्रत्येकाची घट पंधरा ते अठरा टक्क्यांच्या आत. व्यायाम माणसांना असा सारखा लागू पडत नाही. कुणाला खूप, कुणाला थोडा, एखाद्याला उलटाच. इतकी शिस्तीची सुधारणा नळीचीच असू शकते. तुलनेचा गट अजून यायचा होता. तो आला असता तर बिनव्यायामाचे लोकही ‘सुधारलेले’ दिसले असते आणि बिंग तिथे फुटलं असतं. पण मध्ये नळी पुन्हा बदलली असती तर? मग ते आकडे माझ्याकडे आले असते, आणि संख्याशास्त्राच्या सगळ्या कसोट्यांतून दिमाखात पार पडले असते. आमच्या कसोट्या योगायोग पकडतात, चीर पकडत नाहीत.

दुपारी, विश्रांतीनंतर, नव्या जोडावर ती पुन्हा धावली. सेहेचाळीस. आधीच्या सत्तेचाळीसपेक्षा एकाने कमी, म्हणजे एकाच माणसात दिवसागणिक पडतो तेवढाच फरक. “हा माझा,” ती म्हणाली. देखणा निकाल मातीत गेला होता आणि ती चक्क खूश होती.

त्यानंतरच्या बैठकीत दोन सूर निघाले. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, “मुलगी हुशार आहे. खेळ बाजूला ठेवून पूर्णवेळ संशोधनाकडे वळली तर नाव काढेल.” क्रीडा संचालकांचं म्हणणं, तिला या सगळ्यातून मोकळं करा, हा मोसम महत्त्वाचा आहे. दोघेही तिचं भलंच चिंतत होते, आणि दोघांनाही तिचा अर्धाच भाग हवा होता.

शिकलेला खेळाडू म्हटलं की आपल्या डोक्यात ‘पाय मोडला तर पदवी हाताशी’ एवढंच येतं. पण या शाखेचा इतिहास वेगळं सांगतो. ऑक्सिजनच्या कमाल वापराची कल्पना ज्यांच्या कामातून रुजली ते ए. व्ही. हिल (1922 चे नोबेल विजेते) स्वतः धावणारे होते; उच्छ्वास साठवायची पिशवी पाठीवर घेऊन ते स्वतःच्याच प्रयोगात मैदानाला फेऱ्या मारत. 6 मे 1954 ला मैलाचं अंतर 3 मिनिटं 59.4 सेकंदांत कापणारे रॉजर बॅनिस्टर वैद्यकाचे विद्यार्थी होते. ऑक्सफर्डमध्ये ते जादा ऑक्सिजनची हवा घेऊन ट्रेडमिलवर धावण्याचे प्रयोग करत आणि त्यात स्वतःही धावत. त्यावरचा निबंध त्याच वर्षी छापला गेला. पुढे मज्जासंस्थेचे तज्ज्ञ झाल्यावर त्या मैलापेक्षा त्यांना आपलं वैद्यकीय काम मोठं वाटे. टोकियो ऑलिंपिकमध्ये 25 जुलै 2021 ला महिलांची रस्त्यावरची सायकल शर्यत जिंकणारी ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर गणितातली पीएच.डी. तिला व्यावसायिक संघ नव्हता, प्रशिक्षक नव्हता, सरावाचं गणित तिचं तिनेच मांडलेलं. ‘पदकही आणि पदवीही’ असं तिचं कौतुक झालं की मला ते अपुरं वाटतं. यांच्यात शिकणं आणि खेळणं अशी दोन खाती नव्हतीच.

बैठकीत एक ठराव मात्र जवळजवळ मंजूर झाला होता: यापुढे सहभागींना पडदा दिसता कामा नये. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबरच आहे. आकडा दिसला की धावणारा नकळत जोर करतो किंवा सोडतो. मी पाठिंबा दिला, पण एक ओळ जोडायला लावली: चाचण्या संपल्यावर प्रत्येकाला त्याचे आकडे दाखवायचे आणि ते पटतात का हे नोंदवहीत लिहून घ्यायचं. ‘पटतात का’ हे काय मोजमाप झालं, असा आक्षेप आला. मोजमाप नाहीच ते, तक्रारपेटी आहे, असं म्हटल्यावर ओळ राहिली.

नळ्यांचं काय, हा प्रश्न उरलाच. यंत्र घ्यायला अनुदान मिळालं होतं. नळ्या, गाळण्या, सिलिंडर आणि ते सांभाळणाऱ्या माणसासाठी त्यात रकाना नव्हता. नवी नळी कुठल्या खर्चात दाखवायची यावर बैठक जितकी चालली, तितकी मूळ प्रयोगावर कधी चालली नसेल. शेवटी ‘किरकोळ’मध्ये बसवली. सहायकांच्या कायम नेमणुकीचा विषय पुढच्या बैठकीवर गेला, जसा तो याआधीही गेला आहे.

सात नंबरने आता प्रबंधासाठी विषय घेतलाय: काहीही न बदलता, तोच धावपटू, तोच वेग, पुन्हा पुन्हा मोजला तर आकडा किती हलतो. विषय नीरस आहे म्हणून दोघांनी तिला परावृत्त केलं. आकडेमोडीचा मार्गदर्शक म्हणून मी सही केली. चाचण्यांचं वेळापत्रक तिने स्पर्धांच्या तारखा बघून आखलंय, आणि या वेळी त्यावर विभाग आणि प्रशिक्षक दोघांच्याही सह्या तिने आधीच घेऊन ठेवल्यात.