एका शब्दापायी सतरा दिवस : सायकलच्या ट्रेलरचा माझा अनुभव

आमच्या राणीला अकरावे वर्ष चालू आहे. ती कारवान जातीची कुत्री, उंच आणि सडपातळ. तरुणपणी जुळे सोलापूरच्या माळावर ती सुटली की डोळ्यांना दिसेनाशी व्हायची. गेल्या पावसाळ्यात तिच्या मागच्या पायांच्या खुब्यांत सांधेदुखी सुरू झाली. डॉक्टरांनी औषधे दिली आणि एक गोष्ट निक्षून सांगितली : तिला डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर फिरवू नका, पण फिरणे बंदही करू नका, कारण न वापरलेले स्नायू झडतात आणि मग सांध्यांवरचा भार आणखी वाढतो, रोज मऊ मातीवर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवा. आमच्या घराभोवतीचा माळ आता इमारतींखाली गेला आहे. मऊ माती हवी तर विजापूर रस्त्यावर कंबर तलावाच्या, म्हणजे आताच्या धर्मवीर संभाजी तलावाच्या बाजूला जावे लागते, आणि तेवढे अंतर रस्त्याने चालणे हेच तर तिला मना होते. चोवीस किलोंचे दुखरे कुत्रे स्कूटरवर बसत नाही. कुत्रे सोबत आहे म्हटल्यावर रिक्षावाले नकार देतात. मी मात्र गेली तीस वर्षे रोज सायकल चालवते, म्हणून सायकलमागे जोडायचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचा कापडी डबा, घ्यायचे ठरवले.

पुण्यातील एका कुटुंबाकडे वापरलेला पण सुस्थितीतील ट्रेलर मिळाला. व्यवहार दोन दिवसांत झाला, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. निवड करताना मी एवढेच पाहिले की तो दोन चाकांचा असावा, कारण एकचाकी ट्रेलर सामानासाठी चांगला असला तरी आत उठणाऱ्या-बसणाऱ्या जनावरासाठी योग्य नाही. आणि त्याचा दांडा सीटखालच्या नळीला न जोडता मागच्या चाकाच्या एक्सलला (आसाला) जोडणारा असावा, म्हणजे ओढ खालून लागते. साखळी उजवीकडे असल्यामुळे हा दांडा डाव्या बाजूने येतो. त्याचा सांधा लवचीक असतो, त्यामुळे सायकल आडवी झाली तरी ट्रेलर सहसा उभाच राहतो. कुत्र्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पुण्याहून तो एका मालवाहतूक कंपनीमार्फत सोलापूरला पाठवण्यात आला आणि ६ जानेवारीला येथील गोदामात पोहोचला. मी ७ तारखेला सकाळी ओळखपत्र आणि बिल्टीची, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीची, प्रत घेऊन गेले. बिल्टीवर ‘एक नग, सायकल ट्रेलर’ असे लिहिले होते. खिडकीवरच्या कारकुनांनी ते वाचले, संगणकात पाहिले आणि म्हणाले, “मॅडम, आरसी द्या की.”

मला आधी प्रश्नच समजला नाही. मग उलगडा झाला : त्यांना वाहनाचे नोंदणीपत्र हवे होते. पुण्यात नोंद करताना कोणीतरी संगणकातील यादीतून ‘ट्रेलर’ हा प्रकार निवडला होता. तो प्रकार वाहनांत मोडत असल्यामुळे नोंदणी क्रमांकाचा रकाना भरल्याशिवाय सुटकेची पावती निघत नव्हती. भिंतीवर मोटारसायकल पाठवण्याचे नियमही लावलेले होते : नोंदणीपत्र, विमा, पेट्रोलची टाकी रिकामी. मी सांगितले की याला इंजिन नाही, टाकी नाही, हा सायकलमागे लावायचा कापडी डबा आहे. ते म्हणाले, “ते मला कळतंय हो, पण कॉम्प्युटर घेत नाही.” दुसऱ्या दिवशी मी ट्रेलरची छायाचित्रे घेऊन गेले. उत्तर तेच मिळाले.

आमच्या इमारतीत एक वकील काका राहतात. त्यांनी मोटार वाहन अधिनियम, १९८८ काढून कलम २ मधील उपकलम ४६ दाखवले. त्यात ‘ट्रेलर’ची व्याख्याच अशी आहे की मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढले जावे या हेतूने बनवलेले वाहन. सायकल हे मोटार वाहन नाही, कारण उपकलम २८ प्रमाणे मोटार वाहन यांत्रिक शक्तीवर चालणारे असावे लागते आणि सायकल पायांच्या बळावर चालते. म्हणून सायकलने ओढायची वस्तू त्या कायद्यातील ट्रेलर ठरतच नाही. मला केवढा धीर आला! दोन्ही व्याख्यांखाली रेघ ओढून मी ती पाने छापून घेतली आणि १० तारखेला गोदामात गेले. कारकुनांनी ती शांतपणे वाचली, योग्य आहे असेही म्हणाले, पण निर्णय शाखा व्यवस्थापकांचा आणि ते त्या दिवशी नव्हते. त्या दिवशी माझा आवाज चढला. त्याचा उपयोग शून्य झाला, उलट माझे कागद बाजूच्या फायलीत गेले आणि खिडकीवर पुढच्या माणसाचा नंबर आला.

मग सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे दिवस म्हणजे आम्हा सोलापूरकरांसाठी वर्षातील सर्वांत मोठे दिवस, त्या काळात गोदाम दोन-तीन दिवस बंद राहिले याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार त्यानंतरची आहे. यात्रेनंतर व्यवस्थापक भेटले आणि त्यांनी सांगितले की मालाचे वर्णन बदलायचे तर पाठवणाऱ्याने लेखी अर्ज करायला हवा. पुण्याच्या सज्जन गृहस्थांनी १७ तारखेला तो केला. २० तारखेला पुण्याच्या कार्यालयाने कळवले की माल जिथे आहे त्या शाखेने तो पाहून खात्री करावी. सोलापूरच्या शाखेने म्हटले की पाठवणाऱ्याच्या परवानगीशिवाय बांधलेला नग उघडता येत नाही. परवानगीचे पत्र २१ तारखेला आले. २३ तारखेला व्यवस्थापकांनी खोक्याची एक बाजू कापली, आतले कापड आणि दोन चाके पाहिली, आणि पाच मिनिटांत वर्णन बदलून दिले. जी गोष्ट पाच मिनिटांत होऊ शकत होती, तिला सतरा दिवस लागले.

यावर कडी म्हणजे गोदामभाडे. पहिले तीन दिवस मोफत आणि पुढे दिवसाला ३० रुपये, असे ९ ते २३ तारखेपर्यंतच्या १५ दिवसांचे ४५० रुपये त्यांनी मागितले. रक्कम मोठी नाही. परंतु ज्या उशिराला माझा तीळभरही हातभार नव्हता, त्याचे भाडे मी का द्यावे, या प्रश्नाचे उत्तर तिथे कोणाकडेही नव्हते. मी पैसे भरले आणि त्यांच्या प्रतीवर ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असे लिहून सही केली. वकील काकांनी तसे सुचवले होते आणि मला ते अजूनही योग्य वाटते. पैशांपेक्षा मला लागले ते वेगळेच. त्या सतरा दिवसांत राणी केवळ जिन्याखालच्या जागेत चालत होती, आणि संक्रांतीच्या सुमारास तिने पायऱ्या चढण्यासही नकार दिला. म्हाताऱ्या कुत्र्याच्या आयुष्यातील सतरा दिवस म्हणजे थोडे नाहीत.

म्हणून कोणी असा ट्रेलर बाहेरगावाहून मागवणार असेल, तर बिल्टीवर ‘ट्रेलर’ हा शब्द लिहू देऊ नका. ‘सायकलमागे जोडायची हातगाडी, विनाइंजिन’ असे लिहायला सांगा, ते खरेही आहे आणि कोणाला अडकवणारेही नाही. चाके काढून सपाट खोक्यात भरायला सांगा, आतील वस्तूचे छायाचित्र खोक्यावर चिकटवून घ्या, आणि गरज पडल्यास नग उघडण्यास हरकत नाही असे पाठवणाऱ्याचे पत्र आधीच सोबत ठेवून घ्या. अडवले गेलात तर पहिल्याच दिवशी कारण लेखी मागा. मी ते चौथ्या दिवशी मागितले.

घरी आणल्यावर दुसरी अडचण उभी राहिली, पण ती माणसांनी सोडवली. ट्रेलरचा दांडा ज्या लोखंडी पट्टीत अडकतो, ती पट्टी मागच्या एक्सलवर नटाखाली बसवायची असते. आपल्या साध्या सायकलींच्या एक्सलवर कॅरियरचे पाय, मडगार्डच्या तारा आणि स्टँड आधीच बसलेले असतात, त्यामुळे नटासाठी आटेच उरत नाहीत. नट पूर्ण आट्यांवर बसला नाही तर ओढ लागताच चाक निसटू शकते, म्हणून त्यात तडजोड करू नये. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका लेथवाल्या अण्णांनी पट्टीचे भोक एक्सलच्या मापाचे करून दिले. मी मागचा स्टँड काढून टाकला आणि सायकलच्या दुकानातून थोडा लांब एक्सल बसवून घेतला. अण्णांनी घेतलेले पैसे गोदामभाड्याहून कमी होते आणि त्यांनी कोणताही कागद मागितला नाही. दांड्यासोबत येणारा सुरक्षेचा पट्टा सायकलच्या सांगाड्याभोवती फिरवून अडकवायला विसरू नका, कारण सांधा सुटला तरी त्या पट्ट्यामुळे ट्रेलर मागे पळून जात नाही.

राणीला थेट बसवले नाही. आठवडाभर ट्रेलर घरातच ठेवला, आत तिची जुनी सोलापुरी चादर अंथरली आणि तिचे जेवण तिथेच दिले. कापडी तळ पायाखाली दबतो आणि दुखऱ्या खुब्यांचे कुत्रे त्यावर घसरते, म्हणून चादरीखाली मापाने कापलेली प्लायवूडची फळी घातली. त्याच आठवड्यात पहाटे मी मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या दहा-दहा किलोंच्या दोन पिशव्या भरून सराव केला. त्या सरावात शिकलेली मुख्य गोष्ट अशी की वजन चाकांच्या किंचित पुढे असावे, म्हणजे एकूण भाराचा साधारण दहावा हिस्सा दांड्यावर येतो. एकदा पिशव्या मागे सरकल्या, तेव्हा दांडा वर उचलू लागला आणि सायकलचे मागचे चाक हलके झाले. वळताना ट्रेलरचे आतले चाक कोपरा कापते, म्हणून वळण मोठे घ्यावे लागते. ब्रेक नेहमीपेक्षा बरेच आधी दाबावे लागतात. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढतील असे सरळ आणि सावकाश जावे. आसरा चौकाच्या बाजूने मी अजूनही ट्रेलर नेत नाही, आतल्या गल्ल्यांनी पाच मिनिटे जास्त लागतात पण जीव शांत राहतो.

१ फेब्रुवारीला सकाळी सात वाजता तिला घेऊन निघाले. आतला आखूड पट्टा गळ्याला नाही तर छातीवरच्या हार्नेसला अडकवला, म्हणजे उडी मारली तर मानेला हिसका बसणार नाही. पहिली पाच मिनिटे ती उभीच होती, मग बसली, मग जाळीतून नाक बाहेर काढून वारा घेऊ लागली. तलावाच्या बाजूच्या मातीवर उतरवल्यावर ती बारा मिनिटे चालली. मी घड्याळ लावूनच चालत होते. एप्रिलपर्यंत ती वीस मिनिटांवर आली आणि पायऱ्याही पुन्हा चढू लागली. डॉक्टरांनी मांडीला हात लावून स्नायू भरल्याचे सांगितले तेव्हा मला भरून आले.

उन्हाळ्याची गोष्ट मात्र काळजीने सांगायला हवी. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि कुत्रा प्रामुख्याने धापा टाकूनच अंग थंड करतो. कापडाच्या बंद डब्यात गरम हवा साचली तर त्याला तेही जमत नाही. पुढची-मागची दोन्ही जाळीची झापे उघडी ठेवा, पाणी सोबत घ्या, आणि उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत घरी परत या. पावसाळ्यात तलावाकडची काळी माती चाकांत अडकून ती जाम करते, म्हणून एक काठी ट्रेलरमध्येच ठेवलेली बरी. मागे लाल रिफ्लेक्टर आणि उंच काठीवर झेंडा लावा, कारण ट्रकचालकाला सायकल दिसते पण तिच्यामागचा बुटका डबा दिसत नाही.

पंक्चरची चिंता करू नका. माझ्या ट्रेलरची चाके २० इंची आहेत आणि त्या मापाची ट्यूब लहान मुलांच्या सायकलीसाठी आपल्याकडे कोणत्याही दुकानात मिळते. गेल्या आठवड्यात मी डाव्या चाकाची ट्यूब बदलली. त्यासाठी ट्रेलर रिकामा करावा लागतो, आणि राणी अर्धा तास त्यातून उतरायला तयार नव्हती.